काकूचं पहिलं वाक्य

अरे, आमच्या मोहन्याच्या काकूचं सांगतो. ती कारखान्यात टायपिस्ट होती, बोटांकडे न बघता टाइप करायची. अर्धांगवायूनं तिचे हातही गेले आणि वाचाही. मग तिच्या मुलीनं नजरेवर चालणारा कॉम्प्युटर आणला. ज्या अक्षराकडे बघाल, ते उमटतं.

आम्ही सगळे पलंगाभोवती जमलेलो. काकूची नजर स्वप्नात असल्यासारखी अक्षरांवरून तरंगत होती. हळूहळू पडद्यावर उमटलं, "अहो."

काकांना रडूच फुटलं. कित्येक महिन्यांनी ही हाक! "बोल गं, मी इथंच आहे."

नजर पुन्हा फिरू लागली.

"जरा बाजूला व्हा. आकाश दिसत नाही."

काका डोळे पुसत खिडकीपासून सरकले, आणि मग आम्ही सगळेच बराच वेळ आकाश बघत राहिलो.