तपकिरी बूट

— अहो भाऊ, काळा मागवला होता अन् तपकिरी धाडला, चूक त्यांची, मग परत घ्यायला नको? मुदत संपली म्हणे! मी म्हणले, चुकीचा माल तुमी धाडायचा अन् मुदत मला सांगायची? ग्राहकांच्या हेल्पलाईनला फोन लावला, तवा कुठं कंपनीनं तुमाला बूट परत न्यायला धाडलं. हाव, महामाया मीच. बसा की ओट्यावर. जरा हळू बोला पण — आत आमचे हे पडलेत.

खरं सांगू? रंगाचं काय न्हाई हो. रंग चालला असता. पण मोबाईलमधी परत करायचं कारण विचारतेत — माप चुकलं, रंग वेगळा, पसंत न्हाई — त्यात आमचं कारणच नव्हतं. सगळी नोकरी फॉरेस्टात गार्ड होते हे. किनवटचं जंगल पायाखालचं, जीपमधी बसायचं नावच न्हाई. रिटायर झाले अन् शुगर निघाली. डॉक्टर म्हणले रोज चालायचं, म्हणून मी हा बूट मागवला. तेवढ्यात अंगठ्याला जखम झाली, ती चिघळली — नांदेडला नेलं — घोट्याच्या वरून कापावा लागला पाय. उजवा. आमी दवाखान्यात, अन् बूट इकडं शेजारी येऊन पडला.

तवापासून बोलतच न्हाईत. माझ्यावर राग? न्हाई हो, कुणाशीच बोलत न्हाईत. मी सकाळी आश्रमशाळेच्या हॉस्टेलात सैपाकाला जाते, तिथं लेकरं ताई ताई करतेत, घरी आले की — ह्यांचं भिंतीकडं तोंड. भाजी कशी झाली, मीच विचारते, चांगली झाली, मीच म्हणते. लेक बुद्धप्रिया हैदराबादेत, तिला फोनवर सांगते, बाबा आज तुझी आठवण काढून राहिले होते. काय सांगणार मग? पलंगाखाली ते खोकं दिसलं की मलाच कसं तरी होतंय, त्यांना काय होत असंल. म्हणून म्हणलं, जाऊ दे एकदाचं.

बघा, उघडून बघा. कोरा हाय. मी रंग बघितला अन् झाकण लावलं, तेवढंच. हा उजवा — आतला कागद सुदीक तसाच. अन् हा डावा...

वापरलेला? कसा वापरलेला — द्या इकडं.

लाल माती हाय हो ही. आपल्या गल्लीत न्हाई असली. वरच्या सागाच्या रानातली हाय. नाडीत कुसळं... टाच बी घासली.

कुबड्या घेऊन — तेवढा चढ? एकलेच? मी कामावर गेल्यावर जात असतील, मी यायच्या आत परत पलंगावर. पडले असते म्हंजे? कुणाला हाक मारली असती? मला सांगायचं की हो. एका शब्दानं तरी.

न्हाई, न्हाई, परत न्यायचं रद्द करा. माहीत हाय मला, कंपनी पुन्हा घेणार न्हाई. नका घेऊ. रंग पसंत पडला म्हणून लिहून टाका. चहा पुढच्या टायमाला. तुमी जावा आता भाऊ, फाटक आवाज न करता ओढा — ते उठायच्या आत मला खोकं होतं तसं ठेवायचं हाय.