कोरा गळा

छत्तीस सालच्या माघात जऊळक्याच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारी मांडीवर पोपटाचा पिंजरा घेतलेली एक तरुण बाई आणि एक म्हातारबुवा.

“राघू हाय का मादी?”

“राघूच म्हन्तो आमी, बाबा. माह्या धन्यानं पिल्लू आनलं तवा म्हने, नर असंन तं गळ्याले कंठी येईन.”

“किती साल झाले?”

“चार.”

“गळा तं कोराच हाय. मादी हाय, माय. पाय, कशी लाकूड कुरतडून राह्यली! अंड्यासाठी ढोली पायजे तिले. जिथून आनली, त्याच झाडावर सोडून दे.”

“तो लिंब सासऱ्यानं तोडला.”

“उभं झाड? काहून?”

“हिच्या जोडीले दुसरं पिल्लू आनाले धनी पुन्हा चढले होते. जिते उतरले नाई.”