रंग तिचा नाही

नाही, तुम्हीच सांगा, माणसाचा चेहरा जांभळा असतो का? असतो का कधी? मग माझ्या बायकोचाच का यावा! महिना झाला हो तिला जाऊन, भिंतीवर लावायला एक फोटो हवाय, बाकी काही मागत नाही मी... आणि हा प्रिंटर टेबलावर बसून दर वेळी वेगळीच बाई काढून देतोय! पहिली निघाली जांभळी. दुसरी कावीळ झाल्यासारखी. तिसरी अशी गुलाबी, अशी गुलाबी, की मीच ओशाळलो. नाक तिचं, हसू तिचं, पण रंग तिचा नाही!

त्याआधी हाच फोटो बाहेरून छापून आणला होता की! दुकानदाराने, तुम्हाला सांगतो, न विचारता तिला गोरी करून टाकली. वर मलाच म्हणतो, "काका, सगळ्यांना असंच आवडतं!" अरे बाबा, माझी बायको सावळी होती. सावळी कसली, काळीच म्हणा ना. छान काळी, तुकतुकीत.

म्हणून घरी छापायला बसलो. प्रिंटर कंपनीला फोन लावला, तर तिकडून एक बाई, "सर, पेपर कोणता निवडलाय?" म्हटलं, पांढरा. "तसं नाही सर, चकचकीत की साधा? आणि स्क्रीनचा उजेड कमी करा, तो फसवतो. छापलं की लगेच बघू नका, वाळू द्या. ट्यूबलाइटखाली नको, खिडकीशी बघा." सगळं केलं! खिडकीशी उभं राहून राहून शेजारचे विचारायला लागले, कुणाची वाट बघताय? आता त्यांना काय सांगू... रंग तिचा नाही!

तुम्ही म्हणाल, दुसरा फोटो घ्या. कुठून घेऊ? लग्नानंतरचा हा एकच आहे, गॅलरीत कपडे वाळत घालताना मुलीने फोनवर पटकन काढलेला. कारण फोटो म्हटलं की ही मागे सरायची, नाहीतर "द्या, मीच काढते" म्हणून कॅमेरा घ्यायची. का? आमच्या लग्नात फोटोग्राफरने मला विचारलं होतं, "नवरीला जरा उजळ करू का?" आणि मी, मी शहाणा, म्हणालो, "करा थोडं." ती शेजारीच उभी होती हो! चाळीस वर्षं तो विषय निघाला नाही, आणि ती फोटोत आली नाही.

परवा मुलगी म्हणाली, "बाबा, किती छापाल? अहो, हा फोनच चेहरे आपोआप उजळ करतो. आईचा खरा रंग या फोटोत नाहीच्चे." म्हणजे मी महिनाभर शोधत काय होतो! तर तिने बाही वर केली, हात स्क्रीनशेजारी धरला. "मी आईवर गेलेय ना? मग याच्याशी जुळवा."

अख्खी दुपार बसली पोर तशी हात धरून. "लाल कमी करा, बाबा... अजून... आता निळा जास्त झाला." एकोणिसावा कागद वाळला, खिडकीशी नेला, तिने त्यावर मनगट ठेवलं, आणि... दोघांनाही पुढचं नीट दिसेना.

काल थोरली बहीण आली. फोटोपुढे उभी राहिली, चष्मा पुसला, पुन्हा लावला. "अरे, काय हे! काळी आली की रे ही. जरा उजळ करून काढ ना दुसरा!"

म्हटलं, "नाही ताई. ती अशीच होती, आणि मला अशीच आवडायची."

बोललो एकदाचं! चाळीस वर्षांनी तोंड उघडलं, आणि ऐकलं कुणी... ताईने. तिला तर हल्ली कमी ऐकू येतं. म्हणाली, "हो ना? मग काढ उजळ."