मामांनी दोनदा जोडलेले हात

माझं म्हायेर तासगावकडचं, दुसऱ्याच्या द्राक्षबागंत कामाला जानाऱ्या घरातली मी थोरली लेक, आन सासर कराडजवळ, मलकापूरच्या अलीकडं. बारावीचा निकाल लागायच्या आत लगीन झालं. मालक शिरवळला कंपनीत व्हते, शनवारी गाडीवरनं घरी यायचे, आन लग्नाला दोन वर्सं झाली न झाली तवर हायवेवर एका टरकनं त्यास्नी उडवलं. पोटी लेकरू न्हाई. तेराव्याला भावकी बसली, चुलतसासरे म्हनले, पोरीला म्हायेरी घालवा, हितं तिचं काय ऱ्हायलंय. तवा माझे सासरे उठले. आमच्यात सासऱ्याला मामा म्हंत्यात. पलटनीतनं हवालदार हून आल्याले, बोलनं मोजकं. म्हनले, माझा ल्योक गेलाय, ही न्हाई गेली.

काय सांगू तुमाला, त्या मानसानं मला लुनावर मागं बसवून तीन वर्सं कराडच्या कॉलेजात सोडलं. लोक हसायचे, म्हातारा सुनेला शाळेत घालतोय म्हनायचे. मी बीए झाले. मग एका संस्थेच्या शाळेत क्लार्कची जागा निघाली, तर मामा अध्यक्षाच्या बंगल्याम्होरं अकरा दिवस जाऊन बसले, आन शेवटी हात जोडले. ह्ये मला आत्याबाईंनी, म्हंजे सासूनं, सांगितलं, मामा कवा बोलले न्हाईत. सायबाला बी नुसता सॅल्यूट मारनारा मानूस, हात जोडायची सवय न्हाई, त्यानं माझ्यापायी जोडले. ह्ये मी इसरू कशी, तुमीच सांगा.

लिवायला मी शाळेतच लागले. दुपारी हापिसात जरा निवांत असायचं. दोन-चार गोष्टी दिवाळी अंकांत आल्या, मामा अंक काखंत मारून गावात दाखवत फिरायचे. तवर समदं गोड व्हतं. मग पुन्याच्या एका प्रकाशकानं कादंबरी मागितली, आन मोबाईलवर गोष्टी ऐकवनारी एक कंपनी असती, तिनं रोजची मालिका लिवायला दिली. सकाळी भाकरी थापताना, एसटीत, शाळंत, डोक्यात निस्ती माझी मानसं बोलायची.

आन त्यातच त्यो दाखल्याचा घोळ झाला. एका पोरीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मी तिचं नाव सोडून माझ्या कादंबरीतल्या बाईचं नाव लिवलं. सही झाली, शिक्का झाला. पोरीचा बाप पुढच्या शाळेतनं हेलपाटा मारून आला, दारातनंच वराडला, आवं बाई, ही कोन? माझी लेक कुटं हाय? मला धरनी पोटात घील तर बरं असं झालं. हेडसरांनी मागनं बोलवून समज दिली. तवा मला कळलं, मी दोन्हीकडं चोरी करती हाय. शाळेची बी आन लिवन्याची बी.

मामांना जेवताना सांगितलं. म्हनलं, मामा, मी नोकरी सोडावी म्हंती, नुसतं लिवावं म्हंती. त्यांचा घास हातातच ऱ्हायला. म्हनले, सोडायची? मी म्हनलं, व्हय. म्हनले, मी उद्या न्हाई ऱ्हायलो तर ह्या भावकीत तुला कोन इचारनार हाय? तुझ्या कागदाला? ताट सरकवून उठले, ते माझ्याशी बोलायचे बंदच झाले.

दीड म्हैना. एका घरात, एका चुलीवर. मी म्होरं बसल्याली असले तरी आत्याबाईला म्हनायचे, तिला सांग, पानी तापलंय. आत्याबाई बिचारी हिकडचं तिकडं करून रडकुंडीला आली. मी लिवायला बसले की एक ओळ फुटायची न्हाई. ज्यानं उभं केलं त्यालाच पाठ दाखवून मी कुटं निघाली हाय, असं वाटायचं. आन लिवून ठेवल्याला राजीनामा फाडावा म्हनलं तर हात धजायचा न्हाई.

त्यात चुलतसासरे आले. वट्ट्यावर बसून म्हनले, दादा, शिकवलीस म्हनून शिंगं फुटली बग, आता नोकरी बी सोडाय निघाली, घालव म्हायेरी. मी दाराआड. वाटलं, झालं आता. मामा म्हनले, चा झाला असंल तर ऊठ. माझ्या घरात काय करायचं त्ये मी आन ती बगू. चुलतसासरे गेले. मामा तसेच बसून, माझ्याकडं बगितलं बी न्हाई.

शेवटी राजीनामा घिऊन हेडसरांकडं गेले. सरांनी कागद घेतला, पर टेबलाच्या खनात टाकला. म्हनले, बाई, काल तुमचे सासरे आलते. म्हनले, सून कागद आनंल, त्यो घ्या, पर म्हैनाभर वर संस्थेत धाडू नगा. माघारी फिरली तर तिची जागा असू दे. आन हात जोडले, सर म्हनले.

मला राग बी आला आन रडू बी. माझ्यावर भरोसा न्हाई म्हनून राग. परत हात जोडले म्हनून रडू.

म्हैना सरला, सरांचा फोन आला, काय करू? मामा समोरच व्हते, म्हशीला वैरन कापत बसल्याले. मी त्यांच्या म्होरंच म्हनलं, सर, धाडा वर. मामांचा इळा थांबला. म्हनले, ठरलं? अडीच म्हैन्यानं माझ्याशी पैला शबूद. म्हनलं, ठरलं मामा, तुमचं उपकार फिटायचे न्हाईत, पर ह्ये केलं न्हाई तर मी तुमच्यावरच चिडून जगंन. ते परत वैरन कापाय लागले.

त्याला आता दोन वर्सं झाली. कादंबरी आली, बरं बोलत्यात लोक. मालिका मातर कंपनीनं मधीच बंद केली, ह्ये मी घरात अजून सांगितलं न्हाई. दुसरी कादंबरी अर्ध्यावर हाय. भ्या वाटतं, खोटं कशाला बोलू.

गेल्या म्हैन्यात मामांना डोळ्याच्या आपरेशनला मिरजंला नेलं. डोळ्याला पट्टी, मी उशाशी वही घिऊन. नर्सनं इचारलं, बाबा, सून काय करती? मामा म्हनले, शाळंत हाय, सध्या रजेवर हाय. समद्यांना असंच सांगत्यात ते, मी कवा खोडलं न्हाई. नर्स म्हनली, मग रजा कवा संपनार? मामा म्हनले, तिचं लिवून झालं की.