टाकीचा रंग

तारिहाळच्या गॅरेजात स्कूटरची वाट बघत बसलेल्या सविताला, ऐकायचं नाही म्हटलं तरी, जुन्या ट्रकपाशी चाललेलं मिस्त्री आणि ड्रायव्हरचं बोलणं ऐकू येत होतं.

“परशुरामअण्णा, डिझेलचा काटा कधीपासून शून्यावर आहे?”

“खंडेनवमीपासून. रोज टाकीत काठी घालून बघतोय.”

“पूजेला टाकी रंगवली होती?”

“मग? चांगले दोन हात दिले.”

“अर्थिंगच्या वायरीखालीसुद्धा?”

“देवाच्या कामात जागा सोडायची होय रे?”

“त्या रंगानंच करंट अडवला. आता खरवडलाय. चावी फिरवा.”

“अजून शून्यावरच की.”

“काठी द्या बघू.”

काठीचं टोक जेमतेम ओलं झालं.

“काटा खरं बोलतोय, अण्णा. आज काठी घातली नव्हती?”

“आज कशाला? आज तू काटा दुरुस्त करणार होतास.”