रणगाड्याचा लेझर आणि ओव्याचा बांध

अरे, त्या लष्करी लेझरचं सांगायचंच राहिलं. जुन्या रणगाड्यातलं, अंतर मोजायचं यंत्र मी भंगारातून आणलं होतं. माहितीपुस्तक कुठेच मिळेना, म्हणून चाचपडत वर्षभर दुरुस्त करत बसलो. चालू झाल्याचं कळताच ओवे गावचे बाळारामदादा कामोठ्याला माझ्या घरी आले. धाकट्या भावाशी त्यांचं बांधावरून बोलणं बंद होतं.

"आमचा बांध मोजून द्या. मिलिटरीची मशीन हाय, भाऊ नाय म्हननार नाय."

मी म्हटलं, "दादा, हे लांबच्या रणगाड्यासाठी आहे. पाच मीटर इकडेतिकडे दाखवतं."

दादांनी यंत्राकडे बोट दाखवलं.

"पाच मीटर? आमचं भांडन हातभर जागेचं हाय. हिला तं ते दिसनार पन नाय!"