अमेरिकेच्या निवडणुकीचे फटाके आणि तायडे साहेब

विमलवहिनी, समाजमंदिरात जमलेल्या आयाबहिणींनो, भावांनो, डेपोतल्या माझ्या सोबत्यांनो,

मला बोलता येत नाही. म्हणजे गाडीत ओरडता येतं, माईकवर बोलता येत नाही. तायडे साहेब असते तर म्हणाले असते, "रेखाबाई, लवकर उरका, मागं गाडी उभी आहे." आज घाई करणारं कोणी नाही, म्हणून शब्द सुचत नाहीत.

मी रेखा भोयर. कंडक्टर होते. उत्तम तायडे आमच्या शेलूबाजारच्या स्टॅंडवर कंट्रोलर होते. गाडी कधी लागणार, कधी सुटणार, हे सांगणारा माणूस. स्टॅंडवरचा भोंगा कायम बिघडलेला. साहेबांना त्याची गरज नव्हती. ते केबिनच्या दारात उभे राहून "मेडशी, मालेगाव" म्हणाले की हायवेच्या पलीकडे चहा पीत बसलेला माणूस कप ठेवून उठायचा.

मोठा आवाज होता. पण तो आवाज त्यांनी कधी लहान माणसावर चढवला नाही.

एक सांगते. भर उन्हाळा, गाडी गच्च भरलेली. एक पारधी कुटुंब चढलं. बाई, नवरा, दोन लेकरं, गाठोडी. पुढच्या सीटवरच्या एका पुढाऱ्यानं आवाज टाकला, "यायले उतरवा, नाईतर सामान सांभाळा." चारजण त्याच्या सुरात सूर मिळवायला लागले. मी नवीन होते, घाबरले. साहेब केबिनमधून आले. त्या बाईला हात जोडले आणि म्हणाले, "ताई, बसून राहा." मग पुढाऱ्याकडे वळले. "तुमाले यायच्यासंग जायचं नसन तर तुमी उतरा. दुसरी गाडी लागते. थोडी उशिरा लागते."

तो उतरला नाही. पाय आवरून घेतले. मी घंटी मारली.

नंतर मी विचारलं, साहेब, तुम्ही पेपरात सारखं मानवी हक्क, मानवी हक्क वाचता, ते म्हणजे नेमकं काय? ते धनज गावचे. तिथं लहानपणी त्यांना माठाला शिवू देत नव्हते, ओंजळ धरायला लावून वरून पाणी ओतायचे. ते म्हणाले, "आपल्या हातानं माठात गिलास बुडवता येनं. बाकीचं सारं त्याच्यातूनच निघते."

हा माणूस अमेरिकेवर प्रेम करत होता. हसू नका, खरंच करत होता. त्या देशात माणसाला किंमत आहे, तिथं शिपाई साहेबाला नावानं हाक मारतो, असं ते आम्हाला सांगायचे. लेक प्रणाली शिकून तिकडं नोकरीला गेली, तेव्हा साऱ्या स्टॅंडला चहा पाजला. रिटायर झाल्यावर तिच्या बाळंतपणाला वहिनी आणि साहेब दोघं गेले. नेमकी तेव्हा तिकडं अध्यक्षाची निवडणूक होती.

आणि आपल्याकडं काय चाललं होतं? आठवतं ना? की सांगू?

आपल्या चौकात बॅनर लागला होता. अमेरिकेच्या उमेदवाराचा. त्याच्या फोटोखाली आपल्याच पोरांचे गॉगल लावलेले फोटो, शुभेच्छुक म्हणून. त्याच्या विजयासाठी होम झाला. इथं, या गावात! ज्या माणसाला वाशिम नकाशात दाखवता येणार नाही, त्याच्यासाठी तूप जाळलं. तो जिंकला तेव्हा फटाके फुटले, पेढे वाटले. मी एकाला विचारलं, बाबा रे, तुला त्याचं काय आवडलं? तो म्हणाला, "काकू, तो त्यायले सरळ करनार हाय." 'ते' म्हणजे कोण, हे त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरजही वाटली नाही.

मी साहेबांना फोन लावला. म्हटलं, इथं फटाके फुटून राहिले. ते म्हणाले, "काहून? सोयाबीनले भाव देतो म्हनला काय तो?"

पण हसले नाहीत. म्हणाले, "रेखाबाई, मी इथं दोघायचीबी भाषनं आयकली. प्रणाली समजावून सांगे. एक म्हने मी लोकायले उचलून बाहेर फेकतो. दुसऱ्याकडचे म्हनत आमीबी काही कमी कडक नाई. एकजन उघड शिव्या देते. दुसरे मानवी हक्कावर लय गोड बोलतात, अन त्यायनंच धाडलेले बॉम्ब दूरच्या मुलखात लेकरायवर पडतात. मले किळस आली. टीव्ही बंद कर म्हनलं."

किळस. हा शब्द साहेबांच्या तोंडून मी त्याआधी ऐकला नव्हता. स्टॅंडवरच्या मुतारीबद्दलसुद्धा नाही.

नवा अध्यक्ष खुर्चीवर बसला. साहेब अजून तिथंच होते. प्रणालीच्या घरासमोर एक माणूस राहायचा. छपरं दुरुस्त करायचा. कुठल्या तरी दुसऱ्या देशातून आलेला, तिथं राहायचे कागद नसलेला. साहेबांना त्याची भाषा येत नव्हती, त्याला साहेबांची नाही. पण रोज सकाळी दोघं एकमेकांना हात करायचे. साहेब नातवाला बाबागाडीत फिरवायचे, तो बाळाला शीळ घालून दाखवायचा.

एका सकाळी तो पोरींना शाळेच्या बसमध्ये बसवायला निघाला. दोन गाड्या येऊन थांबल्या. तोंड झाकलेली सरकारी माणसं उतरली. नाव नाही, गाव नाही, चेहरा नाही. त्याला जमिनीवर पालथा पाडला. मागं हात बांधले. लहान पोरगी त्याच्या पायाला धरून होती, तिची बोटं एकेक करून सोडवली. साहेब बाबागाडी धरून पाहत राहिले. वहिनी, तुम्हीही खिडकीत होतात. तुम्हीच मला सांगितलं, साहेब घरात आले आणि हात धुवत राहिले. नळ चालू, आणि हात धुतच राहिले.

ते परत आले. गावाला काय, 'अमेरिका रिटर्न' माणूस मिळाला. चौकात सत्कार ठेवला. शाल, नारळ, हार. तिथंच, त्या बॅनरखाली. बॅनर उतरवायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं होतं. साहेबांना म्हणाले, दोन शब्द बोला, तिकडचे रस्ते कसे आहेत, मॉल कसे आहेत.

साहेबांनी रस्त्यांचं सांगितलं. चांगले आहेत म्हणाले. मग त्या छपरं दुरुस्त करणाऱ्या माणसाचं सांगितलं.

खालून एकजण ओरडला, "त्याच्याजवळ कागद नोयते ना? मंग बराबरच केलं!"

साहेब म्हणाले, "मी सारी नोकरी एसटीत केली. विनातिकीट मानूस सापडला त आमी काय करत होतो? दंड घेत होतो. दंड नसन त खाली उतरवत होतो. त्याच्या लेकरासमोर त्याले पालथा पाडत होतो काय? तोंडाले फडकं बांधून जात होतो काय? आपल्या देशातल्या पोरायलेबी हाती-पायी साखळ्या घालून इमानात बसवलं, हे तुमी टीव्हीवर पाह्यलं. तरी हा फोटो अजून लटकूनच हाय? ज्याले कागद नाई तो चुकला असन. पर ज्याले लाज नाई त्याले तुमी पेढे वाटता?"

माईक बंद झाला. झाला नाही, केला. ज्यानं बटण दाबलं तो आज इथं आहे, मी नाव घेत नाही. पण त्या भल्या माणसाला एवढंही माहीत नव्हतं की तायडे साहेबांचं तोंड बटण दाबून बंद होत नाही. ते तसेच बोलले. शेवटपर्यंत बोलले. पलीकडच्या पानठेल्यावरचे लोकही उठून उभे राहिले.

तो आवाज बंद कशानं झाला, ते सांगते.

कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढला. दोन दिवसांत तो वाशिमपासून अमेरिकेपर्यंत पोचला. प्रणालीचा फोन आला. ती रडत होती. "बाबा, तो व्हिडिओ काढायले लावा. इथं सारं तपासून राह्यले. कोन काय लिहितं, कोनाचा बाप काय बोलते. आमचे व्हिसाचे कागद नवे करायले टाकले हायत."

खरंच कोणी तो व्हिडिओ पाहिला असता का? मला माहीत नाही. प्रणालीला माहीत नव्हतं. साहेबांनाही नाही. हीच तर गोष्ट आहे. कोणाला काही माहीत नसतं आणि सगळे घाबरलेले असतात.

साहेब दारोदार फिरले. ज्यांनी ज्यांनी तो पुढं पाठवला होता त्यांना हात जोडले. "बाबू, डिलीट करून दे." मी सोबत होते. एका पोरानं तर म्हटलं, "काहून साहेब, गर्मी उतरली काय?" आणि साहेब म्हणाले, "हो बाबू, उतरली. तेवढा डिलीट कर."

ज्यांनी गाडीतल्या त्या पुढाऱ्यासमोर मान झुकवली नाही, त्यांनी त्या पोरासमोर झुकवली. लेकीसाठी. मला त्या दिवशी थुंकावंसं वाटलं. त्या पोरावर नाही. पोरगं मूर्ख आहे. साता समुद्रापलीकडं बसून शेलूबाजारच्या एका म्हाताऱ्याला गप्प करणाऱ्या त्या राज्यावर. आणि तेच राज्य दरवर्षी अहवाल काढून आपल्याला सांगतं, कुठल्या देशात माणसाला बोलता येतं आणि कुठल्या देशात येत नाही!

त्यानंतर साहेब चौकात आले नाहीत. पेपर घरी मागवायला लागले. मी गेले की बोलायचे, पण आवाज खालच्या पट्टीत. मीच म्हणायची, साहेब, ऐकू येत नाही.

मग छातीचं दुखणं आलं. वाशिमला भरती केलं. डॉक्टरांनी वहिनींना बाजूला नेऊन सांगितलं, मुलीला बोलवा. प्रणालीनं सामान भरलं. मग तिथल्या वकिलाला विचारलं. वकील म्हणाला, कागद झालेले नाहीत, आत्ता बाहेर पडलीस तर परत आत घेतील याची खात्री नाही. नवरा इथं, तान्हं लेकरू इथं. विचार कर.

मी खाटेपाशी होते. वहिनींनी फोन त्यांच्या कानाला लावला. पलीकडून ती म्हणत होती, "मी येतो बाबा, जे व्हायचं ते होऊ दे." साहेब म्हणाले, "येऊ नको. त्या पोरीचे बोटं मी सोडवतानी पाह्यले हायत. माह्या नातवाचे नाई सोडवू द्यायचे." श्वास घ्यायला थांबले. मग म्हणाले, "तू आलीच असं समजतो मी."

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब गेले.

प्रणालीनं बापाला शेवटचं मोबाईलवर पाहिलं. मीच तो फोन धरला होता. ती म्हणाली, "काकू, थोडा खाली धरा, चेहरा दिसत नाई."

आता खरं बोलते. मी हार घालून, दोन गोड शब्द बोलून खाली बसणार होते. पण काल किराणा दुकानात मी उभी होते आणि मागं दोघंजण बोलत होते. "तायड्यायची पोरगी बापाच्या मयतीले नाई आली. अमेरिकेत गेलं की मानसं बदलतात. डॉलर दिसले की बाप दिसत नाई." मी वळून पाहिलं. दोघंही बॅनरवरचे. गॉगलवाले.

आं? पोरगी बदलली? अरे, तुमीच त होम केला होता! हेच मांगितलं ना आगीजवळ? दारं बंद कर, लोकायले सरळ कर. केली त्यानं दारं बंद. त्या दाराच्या आतमंदी आपल्या गावची लेक अडकली, अन तुमी तिलेच नावं ठेवता? तुमाले वाटलं, दार दुसऱ्याच्या तोंडावर बंद होते. आपल्या नाई. कोनाच्या लेकराचे बोटं सोडवले त तुमी पेढा खाता, अन वरून विचारता बाप काहून दिसला नाई?

माफ करा वहिनी. आवाज चढला.

माझा काही अमेरिकेच्या लोकांवर राग नाही. प्रणाली सांगते, त्या छपरवाल्याच्या पोरींना शेजारच्या एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईनं घरात ठेवून घेतलं. आई कामावरून येईपर्यंत रोज सांभाळते. साहेब गेल्याचं कळल्यावर तीच बाई प्रणालीकडं जेवण घेऊन आली. माणसं तिथंही आहेत. मत मागायला उभे राहतात ते वेगळे. दर चार वर्षांनी ते आपसात भांडतात, आणि कोणाचं माणूसपण किती मोजायचं ते ठरवतात. आपण इथून टाळ्या वाजवतो. पुढच्या वेळीही बॅनर लागेल. याचा लागेल नाहीतर त्याचा. तेव्हा मी जिवंत असले तर चौकात येऊन विचारीन, हा उमेदवार माणसाला माणूस म्हणतो का? साऱ्या माणसांना? की फक्त आपल्या कामाच्या?

साहेब, तुमचा आवाज माझ्याकडं नाही. पण विचारीन.

आता आपण सगळे उभे राहू. मोबाईल खिशात ठेवा. थोडा वेळ कोणी काही बोलू नका, तायडे साहेबांसाठी एवढी शांतता आपण देऊ शकतो. फक्त एक विनंती आहे. ही शांतता इथंच, या चार भिंतींत ठेवा. बाहेर गेल्यावर कोणी तुम्हाला विचारलं की तायड्यांची लेक का आली नाही, तर गप्प राहू नका. सांगा, आली नाही असं नाही. तिला येऊ दिलं नाही.

उभे राहा.